खऱ्या सैनिकाची भूमिका मिळाली? मग वर्दी सगळ्यात शेवटी

दर दोन-तीन महिन्यांनी असा एक फोन येतोच. "दादा, युद्धपटात रोल लागलाय. खऱ्या माणसाचा आहे. जिम कुठली लावू?" ठाण्यात, नौपाड्याला आम्ही तालमी करतो त्या हॉलवर मुलगा येतो तेव्हा मिशी वाढवून झालेली असते, केस मशिनने बारीक झालेले असतात आणि अंगात ठिपक्याठिपक्यांचा हिरवा टी-शर्ट असतो. मी विचारतो, "तुझा माणूस कुठल्या पलटणीतला?" गप्प. "हुद्दा?" "मेजर... नाही, कॅप्टन बहुतेक. बघून सांगतो."

मेहनत करायला कुणीच कमी पडत नाही. गडबड होते ती क्रमात. सगळे दंडापासून सुरुवात करतात आणि त्या माणसाच्या शेवटच्या दिवसापासून. तो माणूस मात्र त्या दिवसाआधी आठ-दहा वर्षं नोकरी करत होता. बूट घासत होता, हजेरी देत होता, रजेचा अर्ज लिहीत होता. ती नोकरी अंगात आली नाही तर शेवटच्या दिवसाचं शौर्य वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

खालचे टप्पे साधारण दहा आठवड्यांचे आहेत. हातात सहाच आठवडे असतील तर जिम कापा. पहिले दोन टप्पे कापू नका.

टप्पा १: आधी कागद

पटकथा बाजूला ठेवा. पटकथेत लेखकाने निवडलेला माणूस असतो, तुम्हाला आधी खरा हवा. एका दोनशेपानी वहीत पहिल्या पानावर एवढंच लिहा: जन्मवर्ष, भरती झाल्याचं वर्ष, त्या लढाईच्या दिवशीचा हुद्दा, पलटण किंवा कोअर, लढाईची जागा, महिना, जागेची उंची. सात ओळी. यातली एकही ओळ रिकामी असेल तर पुढे जायचं नाही.

शौर्यपदक मिळालं असेल तर मानपत्राचा मजकूर मिळतो. संरक्षण मंत्रालयाचं शौर्य पुरस्कारांचं संकेतस्थळ आहे, त्यावर परमवीर चक्रापासूनच्या मानकऱ्यांची माहिती आहे. हा मजकूर चार-पाच परिच्छेदांचाच असतो, पण त्यात एक शब्दही शोभेसाठी नसतो. तो हाताने उतरवून काढा. नंतर त्यातली क्रियापदं अधोरेखित करा.

उदाहरणच घ्या. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स (म्हणजे लष्करातले इंजिनिअर), परमवीर चक्र. एप्रिल १९४८, जम्मूतला नौशेरा ते राजौरी हा रस्ता. त्यांच्या बाबतीत क्रियापदं शोधली तर "गोळ्या झाडल्या" सापडत नाही. सापडतं ते सुरुंग काढले, अडथळे फोडले, रस्ता केला, पुन्हा सुरुंग काढले. ८ ते ११ एप्रिल असं चार दिवस. जखमी असताना. मागून येणाऱ्या रणगाड्यांना वाट मिळावी म्हणून. ही भूमिका करणाऱ्या नटाने रोज तीन तास छाती फुगवण्यात घालवले तर ती मेहनत कुठे कामी येणार? त्याला हवं पोटावर सरपटणं, कोपरांवर तोललेलं अंग, आणि बोटांची सावकाश, न थरथरणारी हालचाल.

अजून एक गोष्ट कागदावरच सापडते. राणे १९४० मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर होते आणि अधिकारी झाले ते नंतर. म्हणजे खांद्यावरचा एकुलता एक तारा बघून "नवखा पोरगा" असं ठरवलंत तर सपशेल फसलात. तिशीच्या उंबरठ्यावरचा, हाताखालच्या माणसाचं काम स्वतः करून आलेला तो अधिकारी आहे. तो हुकूम कसा देईल? बहुधा कमी बोलून. आधी स्वतः वाकून.

कागदाचं काम संपत आलं की वहीत एक पान लिहा. मी त्याला "साधा मंगळवार" म्हणतो. लढाईच्या सहा महिने आधीच्या एका मंगळवारी तुमचा माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत काय करत होता? किती वाजता उठला, पीटी, नाश्ता, परेड, हत्यारांची सफाई, संध्याकाळचा खेळ, रोल कॉल, पत्र. हे पान भरत नाही तोवर तुम्हाला माणूस मिळालेला नाही, फक्त फोटो मिळालाय.

*तपासा:* हुद्दा त्या वर्षाचा आहे ना? १९६५ पर्यंत "नायब सुभेदार" हा हुद्दा "जमादार" नावाने ओळखला जायचा. १९५० च्या आधीच्या पदचिन्हांत मुकुट होता, अशोकस्तंभाचे सिंह नंतर आले. पुढे बढती मिळाली म्हणून आधीच्या प्रसंगात वरचा हुद्दा लावू नका.

टप्पा २: घरच्यांना भेटणं

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते नटाचं नसतं.

भेट निर्मात्यांमार्फत, पलटणीला कळवून, वेळ ठरवूनच घ्या. इंटरनेटवरून गावाचं नाव काढून खोपट स्टँडवरून एसटी पकडून थेट दारात उभे राहू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन लोकांचे पत्ते मागणं हाही मार्ग नव्हे.

जाताना दोघंच जा, तुम्ही आणि दिग्दर्शनाकडचं कुणीतरी एक. कॅमेरा नाही, मेकअप नाही, त्या सैनिकासारखी मिशी तर मुळीच नाही. मी स्वतः ही चूक केली आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका घरी मी त्या हवालदारासारखी मिशी ठेवूनच गेलो होतो. त्यांच्या आईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेल्या. अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊ, आधी फोन करून सांगायचं ना, तसं दिसताय म्हणून." त्या दिवशी वही उघडलीच नाही. परत येताना पहिल्या सलूनमध्ये मिशी काढली.

काय विचारायचं? "बातमी कशी कळली?" हे नाही. ते त्यांनी पत्रकारांना पन्नास वेळा सांगितलंय, आणि ते उत्तर त्यांनाही आता पाठ झालंय. साधं विचारा. रजेवर आल्यावर पहिले दोन दिवस काय करायचे? झोप कशी होती? जेवताना बोलायचे का? चप्पल कुठे काढायचे? राग आला की आवाज चढायचा की बसायचा? पत्र कुणाला लिहायचे, आईला की वहिनींना? एका वहिनींनी मला सांगितलं होतं, "रजेवर आले तरी सकाळी पाचला अंथरुणाची घडी झालेली असायची. मला आवडायचं नाही. पाहुण्यासारखं वाटायचं." या एका वाक्यावर अख्खा घरचा प्रसंग उभा राहतो.

वडीलधाऱ्यांना काका-काकू, आजी म्हणा. वीरपत्नींना "मॅडम" म्हणून परकं करू नका आणि पहिल्या भेटीत "आई" म्हणून गळ्यातही पडू नका. "वहिनी" किंवा "ताई" बरं. बोलता बोलता त्या थांबल्या तर तुम्हीही थांबा. रिकामी जागा भरायची घाई नको.

*सावधान:* "तुमचा हा प्रसंग चित्रपटात नक्की घेऊ" असं वचन देऊ नका. कात्री तुमच्या हातात नसते. आणि मूळ वस्तू, म्हणजे पत्र, घड्याळ, डायरी, घरातून हलवू नका. तिथेच मोबाइलवर फोटो काढा, तोही परवानगी घेऊन.

सहकारी जवान भेटले तर उत्तमच. घरच्यांना तो मुलगा, नवरा म्हणून माहीत असतो. खंदकात तो कसा होता हे शेजारच्यालाच ठाऊक. त्यांना "ते घाबरले होते का?" असं न विचारता "त्या रात्री काय खाल्लं होतं?" असं विचारा. बाकीचं आपोआप येतं.

टप्पा ३: पाय

आता शरीर. पण सैनिकाचं, जिममधलं नव्हे. लष्करात वर्षानुवर्षं चालत आलेल्या बीपीईटी या तंदुरुस्तीच्या चाचणीत काय असायचं बघा: हत्यार आणि सामानासकट पाच किलोमीटर धाव, साठ मीटरची जोरात धाव, दोर चढणं, नऊ फुटी चर ओलांडणं. यात बायसेप्स कुठेच नाहीत. पायदळातला जवान सडसडीत असतो, मान आणि पोटऱ्या तेवढ्या दणकट. १९६२ किंवा १९७१ च्या फोटोंत तर गालफडं बसलेली दिसतात. आठ पॅकचं पोट तिथे परग्रहावरचं वाटतं.

ठाण्यात याची सोय फुकट आहे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये मित्र राहत असेल तर त्याचा जिना वापरा. पाठीवर पिट्ठू, म्हणजे जवानाची पाठपिशवी, आणि वीस मजले चढा. उतरताना लिफ्टने या. वजन घेऊन उतरताना गुडघे जातात, आणि शूटिंगच्या आधी गुडघा गेला की भूमिकाही गेली. पहिल्या आठवड्यात पाच किलो, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत पंधरापर्यंत. पिट्ठूत तांदळाची पिशवी किंवा पाण्याच्या बाटल्या भरा.

वजन खरंच भरा हे मुद्दाम सांगतोय. सेटवर सोयीसाठी पिट्ठूत थर्माकोल कोंबतात. आमच्याकडे एक निवृत्त सुभेदार साहेब मुलांना शिकवायला येतात. एकाला बसून उठताना पाहिलं आणि म्हणाले, "अरे बाळा, पिट्ठूत काय नेतोयस? हवा? उठताना हात टेकला नाहीस तू." वजन असलं की माणूस आधी पुढे झुकतो, एक हात गुडघ्यावर ठेवतो, मग उठतो, आणि उठल्यावर खांदे झटकून पट्टे जागेवर बसवतो. थर्माकोल घेऊन हे करायचं तर आठवण ठेवावी लागते. दहा आठवडे वजन वाहिलेल्याला ते आपसूक होतं.

येऊर किंवा खारघरच्या टेकडीवर आठवड्यातून एकदा जा. येऊरला वनखात्याच्या नाक्याचे नियम पाळा, पहाटेच्या अंधारात एकटे शिरू नका, तिथे बिबटे आहेत. पावसाळ्यात खारघर, पांडवकडा परिसरात बंदी असते, तेव्हा जिनाच बरा.

मग कवायत. एनसीसी केलेला एखादा मित्र शोधा किंवा माजी सैनिकाला रीतसर मानधन देऊन बोलवा. तेज चाल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, एक पाऊल ३० इंचांचं. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठेका देणारं अ‍ॅप, लावा आणि खारघरच्या सेंट्रल पार्कसारख्या सपाट जागी रोज वीस मिनिटं चाला. परेडचा प्रसंग पटकथेत नसला तरी. कारण कवायत केलेल्या माणसाचं नुसतं उभं राहणंसुद्धा वेगळं असतं. तो भिंतीला टेकत नाही, खिशात हात घालत नाही, वळताना आधी मान वळवून मग अंग ओढत आणत नाही.

सॅल्यूटमध्ये नव्वद टक्के लोक चुकतात. थलसेनेत तळवा समोरच्याला दिसतो. नौदलात तळवा खाली वळलेला असतो. हवाई दलात २००६ पासून तळवा साधारण ४५ अंशांत. डोक्यावर टोपी नसेल तर हात उचलायचा नाही, सावधान व्हायचं आणि "जय हिंद" म्हणायचं. हातात रायफल असताना सॅल्यूटची पद्धत वेगळी, ती प्रशिक्षकाकडून शिका. आणि शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात कुणी कुणाला कडक सॅल्यूट ठोकत बसत नाही, कारण मग अधिकारी कोण हे समोरच्याला आयतं कळतं.

*तपासा:* मोबाइल जमिनीवर ठेवून स्वतःचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, नुसतं उभं राहून मित्राशी गप्पा मारताना. चौथ्या मिनिटाला एका पायावर भार गेला असेल तर अजून दोन आठवडे.

टप्पा ४: हात

आधी हत्यार कुठलं ते ठरवा. १९४७-४८ आणि १९६२ मध्ये पायदळाच्या हातात मुख्यतः .३०३ रायफल होती. तिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर मागेपुढे करावा लागतो. १९७१ मध्ये ७.६२ ची एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरून घेणारी रायफल. ती घोडा एकदा दाबला की एकच गोळी सोडते, त्यामुळे ७१ च्या साध्या शिपायाने एसएलआरमधून धडधड फैरी झाडल्या की जाणकार प्रेक्षक तिथेच हसतो. कारगिलला, १९९९ मध्ये, ५.५६ ची इन्सास रायफल आणि एके-४७. इन्सासचं मॅगझिन २० गोळ्यांचं, एकेचं ३० चं. मोजा. गोळ्या झाडताना मनात आकडा चालू ठेवा आणि संपल्या की मॅगझिन बदला, पटकथेत लिहिलं नसलं तरी.

सरावाला घरी काय वापरायचं? खेळण्यातली बंदूक नको, ती फार हलकी असते आणि हात खोटं शिकतात. हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची जीआय पाइप साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर कापून घ्या. चार किलोच्या आसपास भरतो. .३०३ असो की एसएलआर, लांबी आणि वजन साधारण तेवढंच. त्याला सुतळीने पट्टा बांधा. तो पाइप घेऊन टीव्ही बघा, जेवा, जिना चढा, पडद्याआडून डोकावा. आठवडाभरात हात त्याचं वजन विसरतात, आणि तेच हवं असतं. जवान हत्याराकडे बघत नाही. चष्मा लावणारा चष्म्याकडे बघतो का?

*सावधान:* हा सराव घरात किंवा गच्चीवर, तेही शेजाऱ्यांना सांगून. नकली बंदूक घेऊन उपवनला किंवा येऊरला गेलात तर कुणीतरी पोलिसांना फोन करणार, आणि त्याचं बरोबरच असेल. कोलशेतच्या हवाई दलाच्या तळाबाहेर सैनिकी पोझ देऊन रील काढण्याची कल्पना सुचली तर तीही तिथेच सोडून द्या.

बोट. नेम धरून झाडायची वेळ येईपर्यंत बोट घोड्यावर जात नाही, वर बाजूला सरळ राहतं. नळी आपल्या माणसांवरून फिरत नाही. या दोन सवयी लागल्या की अर्धं काम झालं.

सेटवर ब्लँक वापरणार असतील तर शस्त्रांची जबाबदारी असलेल्या माणसाशी आधी बोला. ब्लँकमधून गोळी निघत नाही, पण नळीतून तापलेला वायू आणि जळकी भुकटी जोरात बाहेर पडते, जवळच्या माणसाला इजा होते. नळी थेट सहनटाकडे कधीच नको, कॅमेऱ्याच्या कोनाने ते भागवता येतं. कानात बोळे घाला. हत्यार हातात येताच रिकामं आहे का ते समोर उघडून दाखवायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. खरा सैनिकही हेच करतो.

टप्पा ५: तोंड

मराठी नटाची इथे एक खास गोची होते. मराठा लाइट इन्फंट्रीतला जवान आपसात मराठी बोलतो, पण कुठली मराठी? साताऱ्याची, सांगलीची, कोल्हापूरची, बेळगावची, कोकणातली. गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर चालते ती घासूनपुसून काढलेली मराठी तिथे नको. आणि हुकूम, परेड, रिपोर्ट हे सगळं फौजी हिंदीत. म्हणजे एकाच माणसाच्या तोंडी दोन भाषा, दोन आवाज. शेजारच्या खंदकातल्या गाववाल्याशी एक, सुभेदार साहेबांसमोर दुसरा. हा फरक ऐकू आला पाहिजे. इतर पलटणींत मराठा जवानाला लाडाने "गणपत" म्हणतात, तेही माहीत असू द्या.

संबोधन नीट करा. अधिकारी जेसीओला, म्हणजे नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंत, "साहब" म्हणतो. पंचविशीतला कॅप्टन पंचेचाळिशीतल्या सुभेदाराला नावाने हाक मारतोय असं पटकथेत असेल तर दिग्दर्शकाशी बोला. त्या "साहब"मध्ये जे आहे ते उलगडायला एरवी पानभर संवाद लागतील.

वायरलेसवर "ओव्हर अँड आउट" कुणी म्हणत नाही. "ओव्हर" म्हणजे माझं झालं, आता तू बोल. "आउट" म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकदम कसं होईल? बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. हे एवढंसं थांबणं पडद्यावर फार खरं वाटतं.

युद्धघोषणा पलटणीगणिक वेगळी. मराठ्यांची "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय". ती चढाईच्या शेवटच्या झेपेसाठी असते. रात्रीच्या अंधारात दबकत वर चढताना पहिल्या पावलापासून ती दिली तर समोरचा जागा नाही का होणार?

*तपासा:* संवाद पाठ झाले की तेच संवाद पिट्ठू घेऊन बारा मजले चढल्यावर लगेच म्हणा. जिथे दम तुटतो तिथे खूण करा. पुढच्या टप्प्यात ती खूण कामाला येते.

टप्पा ६: उंची

शूटिंग लडाखला असेल तर हे वाचल्याशिवाय विमानात बसू नका. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तुम्ही येता खाडीकाठून. लष्कराचे नियम पाहा: ९,००० ते १२,००० फुटांत सहा दिवस जुळवून घेणं, मग १५,००० पर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस. हे रोज पळणाऱ्या जवानांसाठी. चित्रपटाच्या वेळापत्रकात दोन दिवस मिळाले तरी लोक नशीब समजतात. भांडून जास्त मिळवा.

पहिले ४८ तास व्यायाम नाही, दारू नाही, पाणी भरपूर. जायच्या आधी डॉक्टरांना भेटा, गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं ही सुरुवात. चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, बसल्या जागी धाप लागणं म्हणजे आणीबाणी, तातडीने खाली उतरायचं. "एवढा सीन करून जातो" हे वाक्य मनातही आणू नका. तंदुरुस्त माणसाला त्रास होत नाही हा समज खोटा आहे. उलट तोच जास्त धावतो आणि आधी पडतो.

अभिनयासाठी यातून एक गोष्ट घ्या. त्या उंचीवर, पाठीवर ओझं घेऊन चढताना कुणी लांबलचक वाक्य बोलत नाही. तीन शब्द, श्वास, दोन शब्द. जिन्यावर केलेल्या खुणा इथे वापरा. आणि पटकथेत शिखराच्या पाच पावलं अलीकडे अर्ध्या पानाचं भाषण असेल तर ते वाचनाच्या दिवशीच काढायला सांगा. तिथे वर गेल्यावर कुणी ऐकत नाही.

टप्पा ७: आता वर्दी

आठवा आठवडा संपला की घाला. आधी घातली तर आरशासमोर उभं राहायची सवय लागते, आणि ती मोडायला मला दोन आठवडे लागतात.

बूट मात्र याला अपवाद. ते तीन आठवडे आधी मागून घ्या, दुहेरी मोजे घालून रोज तासभर वापरा. नवे बूट घालून दगडातून धावणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर शत्रू दिसत नाही, फोड दिसतात.

बेरे टोपी गरम पाण्यात बुडवून, पिळून, डोक्यावर बसवून वाळवायची. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, कापड उजवीकडे ओढून कानाकडे चापलेलं. दुकानातून आणलेली तशीच घातली तर ती उकडीच्या मोदकासारखी फुगते. दाढी: शीख सैनिक वगळता थलसेनेत सहसा नाही. कल्ले त्या वर्षाच्या फोटोतून बघा, १९७१ चे कल्ले वेगळे होते.

छातीवरच्या फिती, म्हणजे पदकांच्या रंगीत पट्ट्या, ही वेशभूषेतली सर्वांत वाईट खोड. शोभेसाठी दोन ओळी जास्त लावतात. ज्या युद्धात माणूस लढतोय त्याच युद्धाचं पदक लढाईच्या प्रसंगात छातीवर? ते तर नंतर मिळालं. मरणोत्तर पदक तर त्याने कधीच पाहिलं नाही. प्रत्येक फितीवर बोट ठेवून वेशभूषाकाराला विचारा, ही कुठली, कधीची.

*सावधान:* वर्दी घालून सेटबाहेर पाऊल टाकू नका. ठाणे स्टेशनवर चहा नाही, तलावपाळीवर सेल्फी नाही. सैनिक नसताना सैनिक वाटावं म्हणून तसा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. आणि गुन्ह्याचं सोडा, एखादी म्हातारी हात जोडेल तेव्हा काय सांगणार तिला?

टप्पा ८: सेटवर

इथे शिकवण्यासारखं फार नाही. लष्करी सल्लागार असेल तर त्याच्याशेजारी जेवा. पहाटे आणि संध्याकाळी, उजेड बदलतो त्या वेळी आघाडीवर सगळे सज्ज होऊन बसतात, याला "स्टँड टू" म्हणतात. शूटिंग नसलं तरी एकदा तसं बसून बघा, न बोलता, अर्धा तास. आणि मरण्याचा प्रसंग शेवटच्या दिवशी ठेवायची विनंती करा. तो आधी झाला तर पुढचे सगळे प्रसंग आपण ते माहीत असल्यासारखे करतो. त्याला माहीत नव्हतं.

टप्पा ९: परत करणं

मोबाइलवर काढलेले पत्रांचे फोटो पुसून टाका, किंवा ठेवायचे असतील तर घरच्यांना पुन्हा विचारा. केस वाढू द्या. रात्री झोप लागत नसेल, कानात शिट्टी वाजत असेल तर पंधरा दिवस वाट न बघता डॉक्टरकडे जा.

चित्रपट लागायच्या आधी घरच्यांना फोन करा, निर्मात्यांचं निमंत्रण गेलं असलं तरी. काय दाखवलंय, काय गाळलंय, आणि कुठल्या मिनिटाला बाहेर गेलेलं बरं, हे स्पष्ट सांगा. सातारच्या त्या आजींना मी सांगितलं होतं, मध्यंतरानंतर साधारण चाळीस मिनिटांनी. त्यांनी सुनेला घड्याळ लावायला सांगितलं. वेळ झाल्यावर त्या उठल्या नाहीत. सुनेनंच फोनवर सांगितलं, "बसूनच राहिल्या. पदराला गाठ मारत होत्या, सोडत होत्या."